प्लगिन अपडेट केलं की वर्डप्रेस साइट बसते: आधी काय बघायचं, मग काय दुरुस्त करायचं

वर्डप्रेसवरच्या साइटला जादा सोय देणाऱ्या एखाद्या प्लगिनचं अपडेट दाबलं, चाक बराच वेळ फिरलं, आणि पान पुन्हा उघडलं तर साइटच नाही. दर काही महिन्यांनी हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वाचनालयाची साइट, दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी, घरगुती मसाल्यांचं ऑनलाइन दुकान, माजी विद्यार्थ्यांच्या संघाचं पान: अशा साइट सांभाळायला वेगळा तांत्रिक विभाग नसतो. एकच कुणीतरी असतो किंवा असते, आणि साइट बसली की सगळे फोन त्याच व्यक्तीला येतात. त्या गडबडीत पहिला हात जातो तो बॅकअपकडे.

तिथेच थांबा. पूर्ण बॅकअप रिस्टोअर करणं, म्हणजे आधी जपलेली प्रत साइटवर परत चढवणं, हा शेवटचा उपाय आहे. अपडेट नेमकं कुठल्या टप्प्यावर अडकलं हे पाच मिनिटांत ओळखता येतं, आणि ते ओळखलं तर बहुतेक वेळा एका फोल्डरला हात लावून काम होतं. न ओळखता केलेल्या रिस्टोअरमुळे मधल्या काळातल्या ऑर्डरी जातात, कधी मराठी मजकुराची अक्षरं बिघडतात, आणि मूळ कारण तसंच राहिल्यामुळे पुढच्या अपडेटला साइट पुन्हा बसते.

अपडेटच्या आत काय घडतं

आपल्याला दिसतं एकच बटण, पण त्यामागे तीन वेगळी कामं होतात. पहिलं काम फायलींच्या अदलाबदलीचं. नव्या आवृत्तीची झिप उतरते, वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरामधल्या ‘अपग्रेड’ फोल्डरात सुटी होते, जुनं फोल्डर बाजूला होतं आणि नवं त्याच्या जागी येतं. दुसरं काम नवा कोड चालण्याचं: पुढचं पान उघडताच पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसचा कोड चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, नव्या फायली वाचायला लागतं. तिसरं काम डेटाबेसचं. बरीच मोठी प्लगिन आपापली टेबलं नव्या आवृत्तीप्रमाणे बदलतात, कधी लगेच, कधी मागच्या मागे, तर कधी तुम्ही परवानगी दिल्यावर.

पहिल्या टप्प्यात अडकलं तर सहसा ‘ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेंटेनन्स’ असा एकोळी निरोप दिसतो. दुसऱ्यात अडकलं तर ‘क्रिटिकल एरर’चा निरोप किंवा कोरं पांढरं पान. तिसऱ्यात अडकलं तर साइट उघडते, पण काहीतरी बिनसलेलं असतं: कार्टमधून पुढे जाता येत नाही, फॉर्म पोचत नाहीत, सेटिंग्ज गायब. आपल्यासमोर यातलं कुठलं चित्र आहे ते आधी ठरवा.

आणि ते ठरेपर्यंत तीन गोष्टी करू नका. अपडेटचं बटण पुन्हा दाबू नका. डॅशबोर्ड (साइट सांभाळायचं आतलं पान) उघडत असला तरी तिथून प्लगिन ‘डिलीट’ करू नका, कारण तिथून डिलीट केलं की प्लगिनची स्वतःची आवराआवर चालते आणि काही प्लगिन त्यात आपली टेबलं आणि सगळ्या सेटिंग्ज पुसून टाकतात. एफटीपीने (सर्व्हरवर फायलींची ने-आण करायच्या सोयीने) किंवा होस्टिंगच्या, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांच्या, फाइल मॅनेजरमधून फोल्डर काढलं तर ही आवराआवर चालत नाही, डेटा जागेवर राहतो. हा फरक फार मोलाचा आहे. तिसरी गोष्ट अर्थात रिस्टोअर.

त्याऐवजी आहे त्या मोडक्या अवस्थेचीच एक प्रत घ्या. डेटाबेस होस्टिंगच्या पॅनलमधल्या पीएचपी-माय-अ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट करा आणि प्लगिनचं फोल्डर झिप करून उतरवून ठेवा. पुढे आपल्या हातून काही वेडंवाकडं झालं तर निदान इथपर्यंत परत येता येईल.

मेंटेनन्सचा निरोप हटत नसेल तर

हा सगळ्यात सोपा प्रकार. अपडेट चालू असताना वर्डप्रेस साइटच्या मूळ फोल्डरात ‘मेंटेनन्स’ नावाची एक छोटी फाइल ठेवतं. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, म्हणून ती लपलेली असते. काम संपलं की ती पुसली जाते. काम अर्ध्यावर तुटलं तर ती तशीच राहते आणि प्रत्येक पाहुण्याला तोच निरोप दिसतो. होस्टिंगच्या सी-पॅनलमधल्या फाइल मॅनेजरमध्ये सेटिंग्जमधून लपलेल्या फायली दाखवायला सांगा, ती फाइल पुसा, साइट उघडेल.

खरं तर ती पुसली नाही तरी चालतं. फाइल दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली की वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं. त्यामुळे अर्ध्या तासानंतरही तोच निरोप दिसत असेल तर तो कॅशेमधून, म्हणजे पटकन दाखवायला साठवलेल्या जुन्या प्रतीतून, येतो आहे असं समजा. मग कॅशे प्लगिनचा, होस्टिंगचा आणि असेल तर सीडीएनचा (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेचा) साठा रिकामा करा.

निरोप गेला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. काम अर्ध्यावर तुटलं होतं, म्हणजे प्लगिनचं फोल्डर अर्धवट भरलेलं किंवा जागेवरच नसण्याची शक्यता आहे. प्लगिनच्या यादीत ‘फाइल अस्तित्वात नाही म्हणून बंद केलं’ अशा अर्थाची सूचना आली असेल तर हेच झालं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ६.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस हाताने केलेल्या अपडेटच्या आधी जुनं फोल्डर डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या ‘अपग्रेड-टेम्प-बॅकअप’मध्ये हलवतं आणि अदलाबदल फसली तर स्वतःच परत आणतं. ते परत आणायचं राहून गेलं असेल तर तिथे डोकावून बघा, जुनी प्रत अजून पडलेली असू शकते.

नाहीतर प्लगिनची झिप नव्याने उतरवा आणि ‘अपलोड प्लगिन’मधून चढवा. ५.५ आवृत्तीपासून तेच प्लगिन आधीच असेल तर वर्डप्रेस दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी दाखवून ‘बदलू का’ असं विचारतं, त्यामुळे आधी डिलीट करावं लागत नाही. सेटिंग्ज टिकतात.

‘क्रिटिकल एरर’ किंवा पांढरं पान

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात.

२०१९ च्या मे महिन्यात आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये रिकव्हरी मोड आहे. एखाद्या प्लगिनमुळे साइट कोसळली तर अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर मेल येतो. त्यात प्लगिनचं नाव, एररची ओळ आणि एक खास लिंक असते. त्या लिंकवरून लॉगिन केलं की बिघडलेलं प्लगिन बाजूला ठेवून डॅशबोर्ड उघडतो. पण मेल आलाच नाही अशी तक्रार मी इतक्यांकडून ऐकतो की त्याची कारणं सविस्तर सांगायला हवीत.

पहिलं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. साइटच्या पहिल्या पानावर कितीही वेळा एरर आली तरी हा मेल जात नाही. लॉगिनचं पान किंवा डॅशबोर्ड उघडताना एरर आली तरच जातो. म्हणून साइट बसली की मुख्य पान रिफ्रेश करत बसण्याऐवजी एकदा डॅशबोर्डचा, म्हणजे डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनचा पत्ता उघडा आणि मग मेल तपासा. दुसरं, हा मेल दिवसातून एकदाच जातो आणि त्यातली लिंकही एक दिवसच चालते. सकाळचा मेल पुसून टाकला तर संध्याकाळी दुसरा येणार नाही. तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं: सेटिंग्जमधला अ‍ॅडमिनचा पत्ता साइट बनवून देणाऱ्या मुलाचा असतो आणि तो मुलगा पाच वर्षांपूर्वी नोकरीसाठी परगावी गेलेला असतो. साइट धड चालू आहे तोवर, आजच, हा पत्ता बघून घ्या.

रिकव्हरी मोडमध्ये डॅशबोर्ड दिसला म्हणजे साइट सुरू झाली असं समजू नका. तिथे प्लगिन फक्त तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं. बाहेरच्या वाचकांना अजून एररच दिसते आहे. प्लगिनच्या यादीत जाऊन ते प्रत्यक्ष डिअ‍ॅक्टिव्हेट केलं, मगच साइट सगळ्यांसाठी उघडते.

मेल नसेल तर फाइल मॅनेजर. डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या ‘प्लगिन्स’ फोल्डरात जा आणि ज्याचं अपडेट केलं त्याच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी ‘जुनं’ अशा अर्थाचा एखादा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडलात तरी पुरे. वर्डप्रेसला फोल्डर सापडत नाही, ते प्लगिन बाजूला पडतं, साइट उठते. बरीच प्लगिन एकदम अपडेट केली असतील आणि कुठलं बिघडलं ते कळत नसेल तर अख्ख्या ‘प्लगिन्स’ फोल्डरचं नाव बदला, डॅशबोर्डमध्ये लॉगिन होतं का बघा, मग नाव पूर्ववत करून एकेक प्लगिन चालू करा. मधे प्लगिनचं पान उघडलं असेल तर सगळी बंद झालेली दिसतील. त्यात काळजीचं काही नाही, सेटिंग्ज डेटाबेसमध्ये शाबूत असतात.

फायलींपर्यंत पोचता येत नसेल आणि डेटाबेसपर्यंत येत असेल तर ऑप्शन्सच्या टेबलमधली ‘अ‍ॅक्टिव्ह प्लगिन्स’ ही ओळ शोधा. तिच्यातला मजकूर आधी कुठेतरी जपून ठेवा. मग त्या जागी इंग्रजी छोटं ‘ए’, कोलन, शून्याचा इंग्रजी आकडा, कोलन आणि महिरपी कंसांची रिकामी जोडी, मधे जागा न सोडता, एवढंच लिहा. सगळी प्लगिन बंद होतील. टर्मिनलची सोय असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायचं साधन) याहून चांगलं: डिअ‍ॅक्टिव्हेटच्या आज्ञेला ‘स्किप-प्लगिन्स’चा पर्याय जोडला की बिघडलेला कोड चालवल्याशिवाय ते प्लगिन बंद होतं.

सगळी प्लगिन बंद करूनही साइट उठत नसेल तर

इथे लोक हताश होऊन होस्टिंगवाल्यांना फोन लावतात आणि तिकडून ‘बॅकअप रिस्टोअर करू का’ असं विचारलं जातं. हो म्हणण्याआधी चार जागा बघा.

‘प्लगिन्स’ फोल्डरच्या शेजारी ‘एमयू-प्लगिन्स’ नावाचं फोल्डर असू शकतं. त्यातली प्लगिन यादीतून बंद करता येत नाहीत, ती चालतातच. बऱ्याच होस्टिंगची स्वतःची फाइल तिथे असते.

डब्ल्यूपी-कंटेंटमध्येच ‘ऑब्जेक्ट-कॅशे’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे’ नावाच्या पीएचपी फायली असतात. कॅशे प्लगिन त्या तिथे ठेवतं, आणि फोल्डरचं नाव बदललं तरी त्या मागे राहून नसलेल्या फायली शोधत बसतात. त्यांचीही नावं बदला.

सिक्युरिटी प्लगिनचं अपडेट फसलं असेल तर मूळ फोल्डरातली ‘यूजर-आयएनआय’ ही टिंबाने सुरू होणारी फाइल आणि सर्व्हरचे नियम लिहिलेली एचटी-अ‍ॅक्सेस बघा. काही सिक्युरिटी प्लगिन तिथे अशी ओळ लिहितात की प्रत्येक पानाच्या आधी पीएचपीने त्यांची फाइल वाचावी. ती फाइल गेली आणि ओळ राहिली की वर्डप्रेस सुरू व्हायच्या आधीच सगळं कोसळतं. ती ओळ काढा आणि पाच मिनिटं थांबा, कारण पीएचपी ही फाइल मुळात ३०० सेकंद लक्षात ठेवतं. ओळ काढून लगेच रिफ्रेश केलं आणि फरक पडला नाही म्हणून लोक भलतीकडे शोधायला लागतात.

चौथी जागा ऑपकॅशे. फायली बदलल्या तरी सर्व्हर जुन्याच फायलींची तयार प्रत चालवत असू शकतो. होस्टिंगच्या पॅनलमधून पीएचपीची आवृत्ती एकदा बदलून परत पूर्वीची केली किंवा पीएचपी रीस्टार्ट केलं की हे सुटतं.

लॉग वाचायला शिका

साइट उठली, प्लगिन बंद आहे. आता ते का पडलं? हा प्रश्न सोडून दिला तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच याल. उत्तर लॉगमध्ये, म्हणजे एररच्या नोंदींच्या फायलीत, असतं, आणि लॉग वाचायला प्रोग्रामर असावं लागत नाही.

डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये ‘डब्ल्यूपी-डीबग’ आणि ‘डब्ल्यूपी-डीबग-लॉग’ हे दोन्ही ‘ट्रू’ करा आणि ‘डब्ल्यूपी-डीबग-डिस्प्ले’ ‘फॉल्स’ ठेवा, म्हणजे एरर वाचकांना न दिसता फायलीत जमा होतील. ‘स्टॉप एडिटिंग’ असं सांगणारी जी ओळ आहे तिच्या वर हे लिहायचं. मग डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये डीबग लॉग तयार होतो. अनेक होस्टिंगवर मूळ फोल्डरात किंवा डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनमध्ये ‘एरर-लॉग’ आधीपासून असतो, तो आधी बघा.

त्यात शेकडो ओळी असतील. ‘वॉर्निंग’, ‘नोटीस’, ‘डेप्रिकेटेड’ या तूर्त सोडा. ‘फेटल एरर’ किंवा ‘पार्स एरर’ शोधा, आणि वेळ अपडेटच्या वेळेशी जुळते का बघा. लॉगमधली वेळ साधारणपणे यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, भारतातली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा.

आता ती ओळ काय म्हणते त्यावरून कारण ओळखायचं.

‘पार्स एरर, सिंटॅक्स एरर’ असेल तर बहुधा तुमचं पीएचपी जुनं आहे. नव्या आवृत्तीत नव्या पीएचपीची वाक्यरचना वापरली आहे आणि तुमच्या सर्व्हरला ती वाचता येत नाही. पीएचपी ७.४ ला सुरक्षेची अपडेट मिळणं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये थांबलं, तरी स्वस्त होस्टिंगवर ते अजून चालू दिसतं, कारण कुणी बदललेलं नसतं. उलटंही घडतं. पीएचपी ८ वर नेलं आणि वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेलं एखादं प्लगिन ‘क्रिएट-फंक्शन’सारखं ८.० मध्ये काढून टाकलेलं काहीतरी मागायला लागलं, की तेही कोसळतं. पहिल्या प्रकारात पीएचपी पुढे न्यायचं, दुसऱ्यात प्लगिनला पर्याय शोधायचा. पीएचपी मागे नेऊन दिवस ढकलणं मला पटत नाही, त्यातून प्रश्न दर अपडेटला वाढत जातो.

‘क्लास नॉट फाउंड’ किंवा ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम’ असेल तर बहुधा फायली अर्धवट उतरल्या आहेत. झिप नव्याने चढवा.

‘अलाउड मेमरी साइझ’ अशी ओळ आणि पुढे १३४२१७७२८ असा आकडा असेल तर तो १२८ एमबी आहे. मेमरी संपली. इथे लक्षात ठेवायचं ते असं की ज्या फायलीचं नाव ओळीत आहे ती दोषी असेलच असं नाही. मेमरी संपली त्या क्षणी तिचा नंबर लागला होता, इतकंच. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये मेमरीची मर्यादा २५६ एमबी करून बघा, पण होस्टिंगने घातलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती तिकडूनच वाढवून घ्यावी लागेल.

‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ किंवा ‘अनडिफाइन्ड मेथड’ हा प्रकार सगळ्यात फसवा. ओळीत एका प्लगिनचं नाव असतं आणि लोक त्यालाच दोष देतात. पण समजा वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन अपडेट झालं, आणि त्याला जोडलेलं पेमेंटचं किंवा कुरिअरचं छोटं प्लगिन जुनंच राहिलं. ते छोटं प्लगिन वूकॉमर्समधलं असं काही मागतं जे आता तिथे नाही. कोसळतं ते छोटं, बदललं ते मोठं. म्हणून फेटल एररच्या खालच्या ‘स्टॅक ट्रेस’च्या, म्हणजे एरर येईपर्यंत कुठला कोड चालला त्या यादीच्या, ओळीही वाचा. त्यांत ‘प्लगिन्स’ या शब्दानंतर येणारी फोल्डरांची नावं कागदावर उतरवा. दोन नावं आलटूनपालटून येत असतील तर भांडण त्या दोघांत आहे. अशा वेळी मोठ्याला मागे नेण्यापेक्षा छोट्याचं अपडेट आलं आहे का ते आधी बघा. बहुतेकदा आलेलं असतं, पण पैसे भरून घेतलेल्या प्लगिनचं लायसन्स संपल्यामुळे डॅशबोर्डला ते मिळतच नसतं.

जुनी आवृत्ती परत आणायची असेल तर

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातल्या प्लगिनच्या पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू’ असतं. तिथे अगदी तळाला जुन्या आवृत्त्यांची यादी मिळते. हवी ती झिप उतरवून वर सांगितल्याप्रमाणे चढवा. विकत घेतलेल्या प्लगिनची जुनी झिप विक्रेत्याच्या खात्यातून घ्यावी लागते, म्हणून प्रत्येक खरेदीची झिप स्वतःजवळही ठेवत जा.

एक सावधगिरी मात्र हवी. नव्या आवृत्तीने डेटाबेस बदलून टाकला असेल तर जुना कोड त्या बदललेल्या टेबलांवर चालवणं धोक्याचं आहे. दुकानाच्या आणि सभासदत्वाच्या प्लगिनच्या बाबतीत हे विशेष जपा. साधं गॅलरीचं किंवा स्लायडरचं प्लगिन बिनधास्त मागे न्या.

साइट उघडते, पण काहीतरी बिघडलं आहे

आधी कॅशे, सगळ्या थरांवरचा. त्याने सुटलं नाही आणि आतली पानं ‘सापडत नाही’ म्हणत असतील तर सेटिंग्जमधल्या परमालिंक्सच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता नुसतं सेव्ह करा. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात.

मराठी साइटवर इथे एक जादा भानगड असते. पोस्टचा पत्ता देवनागरीत ठेवला तर डेटाबेसमध्ये प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ इंग्रजी खुणांचं होतं, आणि त्या रकान्याची मर्यादा २०० खुणांची आहे. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात, पुढचं कापलं जातं. एसईओचं (गूगलसारख्या शोधात साइट वर आणणारं) किंवा रीडायरेक्टचं (जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं) प्लगिन अपडेट झाल्यावर फक्त लांब मराठी शीर्षकांची पानं सापडेनाशी झाली, तर हे कापलेले पत्ते आणि प्लगिनच्या यादीतले पत्ते जुळताहेत का ते तपासा. नवीन पोस्टसाठी छोटा पत्ता स्वतः लिहिणं केव्हाही चांगलं.

वूकॉमर्ससारख्या प्लगिनमध्ये डॅशबोर्डवर ‘डेटाबेस अपडेट करा’ अशी पट्टी दिसत असेल तर कार्ट न चालण्याचं कारण तिथेच असू शकतं. डेटाबेसची प्रत घेऊन मगच ते बटण दाबा.

रिस्टोअर करावंच लागलं तर

फायली आणि डेटाबेस वेगवेगळे माना. निम्म्याहून जास्त वेळा फक्त प्लगिनचं एक फोल्डर बॅकअपमधून काढून जागेवर ठेवलं की पुरतं, डेटाबेसला हात लावावा लागत नाही. डेटाबेस परत आणला तर बॅकअपनंतरच्या ऑर्डरी, नोंदण्या, प्रतिक्रिया सगळं जातं. ऐन ऑक्टोबरमध्ये दिवाळी अंकाची नोंदणी चालू असताना आदल्या रात्रीचा डेटाबेस परत आणणं म्हणजे दिवसभरात ज्यांनी पैसे भरले त्यांची नावं गमावणं. पैसे पेमेंट गेटवेच्या खात्यात दिसतात, पण अंक कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा ते उरत नाही. म्हणून सुरुवातीला मोडक्या अवस्थेची प्रत घ्यायला सांगितलं: त्यातून या ऑर्डरी परत काढता येतात.

डेटाबेस परत आणल्यावर मराठी मजकूर बिघडलेला दिसला तर घाबरून पोस्ट उघडून सेव्ह करू नका. आधी दोन प्रकार वेगळे ओळखा. मजकुराच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेली लॅटिन अक्षरं दिसत असतील तर बाइट जागेवर आहेत, चुकीच्या पद्धतीने वाचले जात आहेत. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘डीबी-कॅरसेट’ (अक्षरं साठवायची आणि वाचायची पद्धत) काय आहे ते बघा. तिथे ‘यूटीएफ-८-एमबी-४’ असायला हवं. ते बरोबर असून टेबलातही प्रश्नचिन्हंच असतील तर त्या टेबलातला मजकूर गेला आहे, तो बॅकअपच्या फायलीतूनच पुन्हा आणावा लागेल.

बॅकअपमधली डेटाबेसची एसक्यूएल फाइल साध्या एडिटरमध्ये यूटीएफ-८ म्हणून उघडा. तिथे मराठी नीट वाचता येत असेल तर फाइल चांगली आहे, चूक इम्पोर्ट करताना निवडलेल्या कॅरसेटची होती. योग्य कॅरसेट निवडून पुन्हा इम्पोर्ट करा. फार जुन्या साइटवर उलटं असू शकतं: फाइलमध्ये अक्षरं विचित्र दिसतात आणि तरीही साइटवर मराठी नीट दिसत होतं, कारण साठवताना आणि वाचताना दोन्हीकडे तीच चूक होत होती. अशी साइट असेल तर कॅरसेट बदलायचा प्रयोग चालू साइटवर करू नका, वेगळ्या प्रतीवर करा.

आणि त्या एसक्यूएल फाइलमध्ये नुसतं ‘शोधा आणि बदला’ करू नका. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज मजकुरासोबत त्याची बाइटमधली लांबी लिहून साठवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यामुळे एक शब्द बदलला तरी लांबी चुकते आणि अख्खी सेटिंग रिकामी होते. त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआयमधलं सर्च-रिप्लेस वापरा.

दर वेळी हेच का होतं

वेगवेगळी प्लगिन, पण साइट बसतेच, असं असेल तर प्लगिनवरचं लक्ष काढून सर्व्हरकडे वळवा. होस्टिंगची जागा भरत आली असेल तर झिप सुटी होताना काम तुटतं. जागा शिल्लक दिसत असली तरी ‘आयनोड’, म्हणजे फायलींच्या संख्येची मर्यादा, संपलेली असू शकते. कॅशेचं फोल्डर आणि सर्व्हरवरच साठवलेले जुने बॅकअप यांनी ती लवकर संपते. पीएचपीचा वेळ मुळात ३० सेकंदांचा असतो, मोठं प्लगिन संथ सर्व्हरवर तेवढ्यात उरकत नाही. फोल्डरांची मालकी दुसऱ्याच यूजरकडे असेल तर ‘जुनं प्लगिन काढता आलं नाही’ असा निरोप येतो. फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ ही परवानगी साधारणपणे बरोबर असते. ‘चालत नाही’ म्हणून ७७७ देऊन ठेवू नका, ते दार सताड उघडं ठेवणं आहे. यातलं बरंचसं टूल्समधल्या साइट हेल्थच्या पानावर एका ठिकाणी दिसतं.

हे सगळं नको म्हणून अपडेटच बंद करून टाकणारे बरेच आहेत. त्यांना माझा ठाम विरोध आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ४० लाखांहून अधिक साइटवर असलेल्या रिअली सिंपल सिक्युरिटी या प्लगिनमध्ये असं छिद्र सापडलं की टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक खूण मागणारं) चालू असलेल्या साइटमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. ते इतकं गंभीर होतं की वर्डप्रेसच्या संग्रहाने ९.१.२ ही दुरुस्त आवृत्ती साइटवर स्वतःहून ढकलली. अपडेट न करणाऱ्या साइटला असा धोका वर्षभर असतो. बसलेली साइट तासाभरात उठते, हॅक झालेली साइट साफ करायला आठवडे जातात.

त्यापेक्षा अपडेटची पद्धत बदला. एका वेळी एकच प्लगिन, त्यानंतर साइट उघडून बघायची, मग दुसरं. वूकॉमर्ससारख्या मोठ्या प्लगिनच्या आधी त्याला जोडलेली छोटी. रात्री किंवा शुक्रवारी संध्याकाळी नाही, तर कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे काही बिघडलं तर होस्टिंगची माणसं जागेवर असतात. ऑटो-अपडेट ठेवायचं असेल तर वर्डप्रेस ६.६ किंवा त्यापुढचं असू द्या. तिथपासून ऑटो-अपडेटनंतर फेटल एरर आली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. पण ते तपासण्यासाठी साइटला स्वतःचंच पान उघडावं लागतं, त्यामुळे साइटवर सर्व्हरचा पासवर्ड लावला असेल किंवा फायरवॉल आड येत असेल तर या सोयीवर विसंबू नका.

साइट पूर्ववत झाल्यावर एक खरी ऑर्डर टाकून बघा, एक फॉर्म भरून बघा, लांब मराठी शीर्षकाची दोन-तीन पानं उघडून बघा. मग डीबग ‘फॉल्स’ करा आणि डीबग लॉग पुसा, कारण त्याचा पत्ता ठरलेला असतो आणि बहुतेक सर्व्हरवर तो कुणालाही वाचता येतो. नाव बदलून ठेवलेलं प्लगिनचं फोल्डरही काढा, पण फाइल मॅनेजरमधूनच, डॅशबोर्डमधून नाही. ते ‘प्लगिन्स’मध्येच राहिलं तर यादीत वेगळं प्लगिन म्हणून दिसतं, कुणीतरी एक दिवस ते चालू करतं. आणि चालू केलं नाही तरी त्यातल्या जुन्या पीएचपी फायली थेट पत्त्यावरून उघडता येतात.